दुकानातला दिवा, चुलीजवळचं बटण

चातुर्मासात मी दुपारच्या पूजेपासून तिन्हीसांजेच्या दिव्यापर्यंत मौन धरते. गेल्या वर्षी ते टिकलं नाही. धामणगावात आमचं किराणा दुकान पुढे, स्वयंपाकघर मागे, मधलं दार बंद. यांना चहाला बोलवायचं म्हणजे तोंड उघडणं आलंच.

यंदा घरात वीज आली. कचरू वायरमननं दुकानातल्या दिव्याला दोन बटणं दिली, एक गल्ल्यापाशी, एक माझ्या चुलीजवळ. कुठूनही लावा, कुठूनही मालवा. मला तर नवलच वाटलं. तिकडून कोणी दाबलं की इकडच्या बटणाचा अर्थ उलटा होतो! दाराच्या फटीतला उजेड पाहत मी कितीदा तरी खटखट केलं. त्यातूनच सुचलं.

सकाळी, बोलायची मुभा असताना, यांना म्हटलं, "दिवा एकदा लुकलुकला तं चहा. दोनदा, तं पाहुणा आला. तीनदा, तं असाल तसे या."

"मंग गिऱ्हाईकाले काय सांगू? बायको बोलून राह्यली म्हणून?" हे हसले.

पहिल्या दुपारी जमलं. दुसऱ्या दिवशी माझा भाऊ मागच्या दारानं आला म्हणून दोनदा लुकलुकवला, तर सासूबाईच तरातरा आत आल्या. दिवसभर त्या गल्ल्यापाशी बसत, आणि दिवा लागला की हात जोडत.

"काऊन वं, हात जोडतो न जोडतो तं मालवते? पुन्हा लावते, पुन्हा मालवते! अर्धा नमस्कार कोणत्या देवाले चालते? गिऱ्हाईकं हसून राह्यले मले. बंद कर हे, नाहीतं तुह्यं मौन सोड!"

माळ ओढता ओढता ध्यानात आलं, माझी प्रत्येक खूण अंधारात संपत होती.

सकाळी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, लुकलुक म्हणजे नुसती हाक समजा. शेवटी दिवा लागलेलाच ठेवीन, त्याले हात जोडा. मंग तुमच्या बटणानं तुम्हीच शांत करा. फटीतला उजेड गेला का मले समजते, निरोप पोचला."

"म्हणजे शेवटचं बटण माह्यं?"

"तुमचंच."

"पाहू आजच्या दिवस. नाही जमलं तं तोंडानं बोलजो मंग."

दुपारी एकदा लुकलुकवून दिवा लागलेला ठेवला. फटीतला उजेड हलेना. चहा उकळून वर आला. हाक अगदी ओठांवर आली होती, ती गिळली. नमस्कार एवढा लांबतो का?

मग उजेड गेला. दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "समजलं वं! माह्या चहात साखर जास्त टाकजो."

मी डबा उघडला. साखर संपलेली. पोतं दुकानात, आणि साखरेची खूण तर ठरलेलीच नव्हती. बटणावर बोट ठेवून मी उभी राहिले. चारदा करून पाहावं का?