पहिल्या रकान्याखालची अरिबा

मी एक जुना तक्ता आहे, कापडी. वर-खाली दोन लाकडी दांडे, मध्ये पिवळं पडलेलं मांजरपाट आणि त्यावर रंगवलेली इंग्रजी अक्षरं. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी सदाशिव पेठेत इम्तियाज सरांच्या क्लासला गेलेलं असेल, तर त्याने मला पाहिलं असणारच. त्याला मी आठवत नसेन, तर त्यात त्याचा दोष नाही. तक्त्याकडे बघा म्हटलं की खिडकीबाहेर बघायचं, ही मुलांची जुनी रीत आहे.

मला दीनानाथ पेंटरांनी रंगवलं. सर शेजारी स्टुलावर बसून एकेक शब्द सांगत होते. माझ्या अंगावर तीन रकाने आखले. पहिल्यात टॉल, दुसऱ्यात टॉलर, तिसऱ्यात टॉलेस्ट. त्याखाली फास्ट, फास्टर, फास्टेस्ट. लांबलचक शब्दांना अशी शेपटी लावता येत नाही, म्हणून त्यांच्यापुढे मोअर आणि मोस्ट. केअरफुली, मोअर केअरफुली, मोस्ट केअरफुली. ज्यांचं कुठल्याच नियमाशी पटत नाही ते गुड-बेटर-बेस्ट आणि बॅड-वर्स-वर्स्ट लाल रंगात. ते लिहिताना दीनानाथ म्हणाले, "सर, आपल्या पुणेकरांसाठी वर्स्टच्या पुढे अजून एक रकाना आखून ठेवू का? लागेल." सर इतके हसले की त्यांच्या हातातला चहा माझ्या कोपऱ्यावर सांडला. तो डाग अजून आहे.

क्लास म्हणजे सरांच्या राहत्या जागेतली बाहेरची खोली. आतल्या खोलीत त्यांच्या बायकोचा, मदिनाबींचा संसार. दारावर सरांच्या अक्षरात पाटी होती: "चपला बाहेर काढाव्यात. डोकं आत आणावं." मराठी शाळांतली मुलं इंग्रजीला घाबरून यायची आणि सरांच्या हाताखाली हळूहळू तोंड उघडायची. सर जीव तोडून शिकवायचे. त्यांचं एकच म्हणणं होतं, की व्याकरण वहीत राहून उपयोगाचं नाही, ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणून ते मुलांनाच माझ्या रकान्यांखाली उभं करत. बुटका, त्याहून उंच, सगळ्यांत उंच. मुलं खूश आणि मीही खूश. त्या काळात पाहुण्यांना माझं कौतुक सांगितलं जाई.

एकदा मात्र सरांनी वाचनाच्या वेळी राकेश नावाच्या मुलाला लाल अक्षरांखाली, अगदी शेवटच्या वर्स्टपाशी उभं केलं. दुसऱ्या दिवशी त्याची आई दारात हजर झाली.

"सर, आमचा राकेश मठ्ठ आहे हे आम्हाला घरबसल्या माहीत आहे. ते तक्त्याखाली उभं करून चार जणांना दाखवायची तसदी आपण घेऊ नये."

सर खजील झाले. त्यांनी माफी मागितली आणि त्याच दिवशी ठरवलं, की यापुढे लोकांच्या मुलांना कमी-जास्त म्हणायचं नाही. लोकांच्या मुलाचं मन दुखवायचा आपल्याला काय अधिकार? पण उदाहरणं तर हवीत. मग त्यांनी आतल्या खोलीत हाक मारली, "अरिबा, आलिया, बाहेर या गं."

त्यांच्या या दोन मुली. अरिबा थोरली, आलिया तिच्या पाठची. त्या दिवसापासून उदाहरणात उभं राहायचं काम त्यांच्याकडे आलं. थोरलीला आधी मान म्हणून सर पहिलं वाक्य नेहमी अरिबाचं घेत. अरिबा रन्स फास्ट. आता तक्ता चढत जाणार, म्हणजे पुढचं वाक्य आपसूकच आलियाचं. आलिया रन्स फास्टर. आणि तिसरा रकाना ते समोर बसलेल्या सगळ्यांना वाटून टाकत. "अँड यू ऑल रन द फास्टेस्ट!" वर्गात हशा पिकायचा. कुणाचं मन दुखलं नाही म्हणून सर समाधानाने हात झटकायचे.

पहिल्या रकान्याखाली उभी असलेली अरिबा मात्र हसायची नाही. अरिबा इज गुड, आलिया इज बेटर. अरिबा राइट्स केअरफुली, आलिया राइट्स मोअर केअरफुली. अक्षर अरिबाचंच जास्त सुरेख होतं, हे मी भिंतीवरून रोज बघत होतो. पण वाक्य तसं कधी झालं नाही. अरिबा धाकटी असती, तर ती सगळी दुसऱ्या रकान्याची वाक्यं तिची झाली असती. एवढी साधी गोष्ट होती, पण ती सरांच्या ध्यानात आली नाही आणि अरिबाला कुणी सांगितली नाही. मला सगळं कळत होतं, पण रंगवलेल्या अक्षरांपलीकडे मला तोंड नव्हतं.

एका दुपारी मुलं गेल्यावर मदिनाबी बाहेर आल्या. "अहो, थोरलीला रोज नका उभं करू. चेहरा बघितलात का तिचा?"

"अगं, उदाहरण आहे ते," सर म्हणाले. "उदाहरण कुणी मनाला लावून घेतं का?"

अरिबा दाराआड होती. तिने ते ऐकलं आणि मुकाट्याने भांडी घासायला बसली.

तिला इंग्रजीची फार ओढ होती. क्लास सुटला की ती ओल्या फडक्याने माझ्यावरची धूळ पुसायची, आणि पुसता पुसता एकेक शब्द मोठ्याने म्हणायची, समोर मुलं बसली आहेत अशा थाटात. तिला शिक्षिका व्हायचं होतं. कॉलेज संपल्यावर एकदा तिने सगळं धैर्य गोळा करून विचारलं, "अब्बा, लहान मुलांचा वर्ग मी घेऊ?"

सर पेपर तपासत होते. मान वर न करता, अगदी प्रेमाने म्हणाले, "तू चांगली आहेस गं. पण आलियाला विचारू आधी. तिचं इंग्रजी तुझ्यापेक्षा जरा बरं आहे."

अरिबा "बरं" म्हणाली. मला त्या वेळी फार वाईट वाटलं, मित्रांनो. आलियाला शिकवण्यात काडीचा रस नव्हता. ती हिंजवडीत कंपनीत लागली. अरिबाने कोथरूडच्या एका दवाखान्यात नावं नोंदवायचं काम धरलं, लग्न होऊन ती कोथरूडलाच राहिली. पुढे मदिनाबी गेल्या आणि अरिबाचं येणं ईदपुरतं उरलं. आली तरी ती थेट आतल्या खोलीत जायची. माझ्याकडे बघायची नाही.

हळूहळू मुलंही कमी झाली. आता मोबाइलवरच सगळं शिकता येतं म्हणतात. माझ्यावर धूळ बसली, खालचा दांडा एका बाजूने सुटला. रिकाम्या बाकांसमोर सर एकटे बसत. एकदा ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग उठले, पहिल्या रकान्यावर हात ठेवला आणि नुसतं "अरिबा" म्हणाले. काहीतरी उमगल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी फोन उचलला, पुन्हा ठेवला. ईदला येईलच, तेव्हा समोर बसवून बोलू, असं स्वतःशीच पुटपुटले.

ईदच्या आधीच त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आयुष्यभर लोकांच्या मुलांना बोलायला शिकवणाऱ्या माणसाकडे चार-दोन शब्द उरले. पाणी. नको. बास. अरिबाने त्यांना कोथरूडला आपल्या घरी नेलं.

जागा सोडायची ठरली, तेव्हा दोघी बहिणी सामान आवरायला आल्या. सरांनी हट्टच धरला, म्हणून त्यांनाही खुर्चीत बसवून तिथे आणलं होतं. आलियाने मला खुंटीवरून काढलं.

"आपा, हा टाकून देऊ या ना? मला याचा राग येतो."

"तुला?" अरिबा म्हणाली. "तू तर कायम बेटर होतीस."

"त्यासाठी सारखं धावावं लागायचं गं. एक दिवस तरी तुझ्या जागी उभं राहावंसं वाटायचं."

तेवढ्यात सरांनी डावा हात हलवला. त्यांना मी हवा होतो. अरिबाने मला त्यांच्या मांडीवर पसरलं. त्यांनी बोट पहिल्या रकान्यावर टेकवलं, लाल अक्षरांवर. ओठ खूप वेळ नुसते हलले. मग शब्द आले.

"अरिबा... गुड."

अरिबा खाली मान घालून उभी राहिली. लहानपणीची सवय होती ती. पुढचं वाक्य येणार, हे तिला ठाऊक होतं. आलियानेही श्वास रोखला होता. सरांचं बोट तिथेच राहिलं, दुसऱ्या रकान्याकडे सरकलं नाही.

"अरिबा गुड," ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कापडावर पडलं.

एवढंच. पुढचं वाक्य आलंच नाही. सर मुद्दाम थांबले, की त्यांच्याकडचे शब्दच संपले, हे मला आजही सांगता येत नाही. अरिबालाही कळलं नाही, आणि आता विचारून उपयोग नव्हता. ती तिथेच फरशीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

सर त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मी आता कोथरूडला अरिबाच्या कपाटामागे गुंडाळून ठेवलेला असतो. कधीतरी दुपारी घरात कुणी नसलं, की ती मला काढते, ओल्या फडक्याने पहिला रकाना पुसते आणि त्यावर हात ठेवून बसते. ती अजूनही पुढच्या वाक्याची वाट बघते, असं मला वाटतं.

मित्रांनो, माझ्यासारखे जुने तक्ते जपून ठेवा असा आग्रह मी धरणार नाही. कापडच ते, आज ना उद्या विरणार. माझी विनंती वेगळी आहे. घरातल्या कुणाला चांगलं म्हणावंसं वाटलं, तर ते वाणी शाबूत आहे तोवर म्हणा. आणि म्हणून झालं, की तिथेच थांबा.