वरच्या मजल्याचा पासवर्ड

शनिवारी दुपारी मंगलनं लॅपटॉपवरून पेपर छापायला सोडला, तर स्क्रीनवर 'प्रिंटर ऑफलाइन' एवढंच आलं. तिनं परत सोडला. परत तेच. प्रिंटरवरचा निळा दिवा एरवी स्थिर असायचा, तो आता सारखा मिचमिचत होता.

मलकापुरातल्या त्या दुमजली घरात मंगल खाली राहायची. धाकटा दीर नानासो, त्याची बायको सोनम आणि त्यांची मुलगी शिवांजली वर. सासूबाई मनुबाई वर झोपायच्या, पण चहा आणि दुपारची भाकरी मंगलकडे. मंगलचा नवरा कृष्णात फौजेत, सध्या राजस्थानात. मुलगा राजवर्धन सांगलीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर. रिकामं घर खायला उठतं म्हणून मंगलनं पाचवीच्या पोरांची शिष्यवृत्तीची शिकवणी सुरू केली होती. गेल्या सुट्टीत कृष्णातनं तिला हा बिनवायरचा प्रिंटर आणून दिला. नेटचा राउटर वरच्या हॉलमध्ये होता आणि दोन्ही मजल्यांना तेच एक नेट पुरायचं.

तिनं प्रिंटर बंद करून चालू केला. प्लग काढून थोडा वेळ थांबली, परत लावला. लॅपटॉप बंद करून उघडला. कागदाचा ट्रे काढला, शाईच्या टाक्या बघितल्या. त्यांचा यात काही संबंध नाही हे तिला कळत होतं, पण हात स्वस्थ बसेनात. रविवारी सकाळी पोरं सराव पेपरला येणार होती.

तेवढ्यात सोनम कढीपत्ता मागायला खाली आली. ती घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. नेटमधलं काही अडलं की गल्लीतले लोक तिलाच विचारायचे.

"सोनम, बघ की गं जरा. मघापास्नं खुळ्यागत करतोय ह्यो."

सोनम खुर्ची ओढून बसली. मंगलनं तिच्यासमोर प्रिंटर पुन्हा बंद-चालू केला. दिवा मिचमिचत राहिला. सोनम बराच वेळ त्या दिव्याकडे बघत होती.

"मशीनच ते, ताई. बिघडलं असंल. मला काय कळतंय त्यातलं." मग कढीपत्ता घेऊन ती वर गेली.

रविवारी मंगलनं सगळा पेपर फळ्यावर लिहिला. पोरांचा तो उतरवून घेण्यातच वेळ गेला, गणितं राहिली. पोरं गेल्यावर तिनं राजवर्धनला फोन लावला.

"मम्मी, तुझ्या मोबाइलवर वायफाय चालू हाय का बघ आधी," तो म्हणाला.

"नेट चालतंय की माझं."

"ते मोबाइलचं चालत असंल. वायफायमध्ये जा आणि नावं वाच."

मंगलनं चष्मा लावला. घरच्या नेटला सासऱ्यांचं नाव होतं, लालासाहेब. राजवर्धननंच ते ठेवलं होतं, आजोबा गेले त्या वर्षी. यादीत ते नाव नव्हतं. शेजारच्या दवाखान्याचं होतं, समोरच्या बेकरीचं होतं आणि सगळ्यात वर, पूर्ण रेंज असलेलं, 'शिवांजली होम'.

"आपलं नाव दिसंना रं."

राजवर्धननं तिला सगळ्यात वरचं नाव परत वाचायला लावलं. मग त्यानं तिला प्रिंटरचं बटण दाबून धरायला लावलं, ॲप उघडायला लावलं, प्रिंटर सापडल्यावर नवं नाव निवडायला लावलं. जुना पासवर्ड घातला. 'पासवर्ड चुकीचा आहे.' शिवांजलीची जन्मतारीख घातली. तेच.

"मम्मी, प्रिंटरला काय झालेलं न्हाई," तो म्हणाला. "काकांनी नेट बदललंय. वर जाऊन पासवर्ड इचार फक्त."

फक्त, असं तो म्हणाला. मंगल पदर खोचून आतल्या जिन्यानं वर गेली.

नानासो टीव्ही बघत होता. "या वैनी, बसा की."

"नेट बदललं व्हय भावजी?"

"व्हय. जुनं लय हळू चालायचं."

"मग पासवर्ड सांगा की. माझा प्रिंटर अडलाय."

नानासोनं सोनमकडे बघितलं. सोनम कपड्यांच्या घड्या घालत होती. "ताई, तुमी खाली एक वेगळं घ्या की," ती म्हणाली. "माझं काम असतंय, शिवांजलीचा ऑनलाइन क्लास असतोय. तुमच्याकडं पोरं येणार, प्रिंटर चालणार. उगं ओढाताण कशाला?"

"काल तू त्या मशीनसमोर बसलीवतीस, सोनम."

सोनमनं घडी मोडली आणि परत घातली.

"तवाच सांगितलं असतंस तर मी काय भांडले असते?"

"वैनी, हिला कशाला बोलताय," नानासो म्हणाला. "दादाला समदं म्हायती हाय. आमचं गेल्या सुट्टीतच ठरलंय. नेट, लाइट, पाणी, हळूहळू समदं वेगळं करायचं. त्यानं तुमाला सांगितलं न्हाई व्हय?"

मंगल जिना उतरून खाली आली. गेल्या सुट्टीत, म्हणजे प्रिंटर आणला त्याच सुट्टीत.

संध्याकाळी कृष्णातचा फोन आला. तिनं विचारल्यावर तो म्हणाला, "सांगणारच होतो. तू डोक्यात घेऊन बसशील म्हणून ऱ्हायलं. भाव-भाव बसून ठरवलंय, वाईट कायच न्हाई त्यात."

"ह्या घरात मी ऱ्हाते का तुमी?" तिनं विचारलं.

त्यानं जेवण झालं का, असं विचारलं. तिनं फोन ठेवला.

पाण्याच्या मोटरचं बटण मंगलच्या मोरीशेजारी होतं. रोज सकाळी उठल्याउठल्या ती ते दाबायची आणि गच्चीवरची टाकी भरायची; वरच्या मजल्याचं सगळं त्या टाकीवर. खाली नगरपालिकेचा नळ थेट यायचा. सोमवारी ती उठली, नळावर आपलं पाणी भरून घेतलं आणि बटणाला हात लावला नाही. चहा ठेवला. वरून भांड्यांचा आवाज येईना, तसं तिला बरं वाटलं. असं बरं वाटल्याचा रागही आला, पण ती जागची उठली नाही.

खाली सोनम आली नाही. मनुबाई आल्या, एका हातानं भिंत धरत, दुसऱ्या हातात रिकामी बादली.

"मंगल, मोटर बिघडली व्हय गं? सोनम म्हणली, इचारून या."

मंगलनं चहाच्या आधणाकडे बघत सांगितलं, "व्हय आत्या. मशीनच ते, बिघडलं असंल."

शब्द तोंडातून गेल्यावर ते कुणाचे आहेत हे तिच्या ध्यानात आलं. मनुबाईंनी बादली नळाखाली ठेवली आणि भरल्यावर उचलायला वाकल्या. मंगलनं ती त्यांच्या हातातून ओढून घेतली आणि जिना चढून वर नेली. दार सोनमनं उघडलं. बादली या हातातून त्या हातात गेली.

खाली येऊन मंगलनं बटण दाबलं. मोटर घरघरत सुरू झाली, आणि तो आवाज दोन्ही मजल्यांवर ऐकू गेला. मनुबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी मोरीकडे बघितलं, मग मंगलकडे.

"मला च्या नको आज," त्या म्हणाल्या आणि भिंत धरून जिना चढू लागल्या.

राजवर्धननं पुढच्या शनिवारी येताना वायर आणली. प्रिंटर लॅपटॉपला वायरनं जोडला आणि पेपर निघू लागले. खाली वेगळं नेट मंगलनं घेतलंच नाही. उन्हाळ्यात कृष्णात सुट्टीवर आला. दोघा भावांनी मिळून वरच्यांची वेगळी मोटर बसवली आणि बाहेरून लोखंडी जिना उभा केला. काम चालू असताना दोघं हसत-बोलत होते. मंगल त्यांना चहा देत होती. आतल्या जिन्याचं दार नानासोनं वरून बंद करून घेतलं.

मनुबाई आता वरच जेवतात. लोखंडी जिना त्यांना झेपत नाही. दुपारी भाकऱ्या झाल्या की मंगल अंगणात उभी राहून विचारते, "आत्या, जेवला का?"

"जेवले," वरून आवाज येतो. कधी कधी तो सोनमचा असतो.