साखळी सरळच होती

मित्रांनो, जरा हळू ढकला. मी एक जुना दरवाजा आहे, फणसाच्या लाकडाचा, आणि आता फार थकलो आहे. कुंभकोणममध्ये, तळ्यामागच्या गल्लीत, एका पूर्वेकडे तोंड असलेल्या घराला मी आहे. उभं राहणं हेच माझं काम. बसायचं कधी, हे मला कुणी सांगितलंच नाही.

मी मूळचा आडुतुरैकडचा. शेताच्या बांधावर झाड होतो. अंगाखांद्यावर फणस, पायाशी भाताचं पाणी. मग करवत आली. आचाऱ्याने, म्हणजे आमच्याकडच्या सुताराने, मला घासून पिवळाधमक केलं. माझी चौकट बसवली तेव्हा तिच्याखाली नवधान्य ठेवलं, बायकांनी हळदकुंकू लावलं. इकडे तमिळमध्ये चौकटीला 'निलै' म्हणतात. आणि 'निलै' म्हणजे स्थितीसुद्धा, अवस्थासुद्धा. या दुतोंडी शब्दाने पुढे माझे किती हाल केले, ते सांगतो.

घर मराठी बोलणाऱ्यांचं. पूर्वज तंजावरच्या राज्याबरोबर आले, ते इथलेच झाले. माझ्या बाहेर तमिळ, आणि उंबरा ओलांडला की मराठी, तीही जुन्या वळणाची. जिभेने कूस बदलावी ती जागा म्हणजे मी. काय मान होता माझा! शुक्रवारी हळद, सणाला आंब्याची पानं, रोज सकाळी पुढ्यात कोलम, म्हणजे इकडची रांगोळी. बोट लावलं तरी मी मिटायचो. पाहुणे म्हणायचे, "दार आहे की लोणी!"

घराचा मालक कल्याणराम. पितळेच्या भांड्यांचं दुकान चालवणारा, सरळ मनाचा, पण ऐकीव गोष्टींचा भारी भक्त. त्याला कुणी सांगितलं, घरातलं पाणी ईशान्येला जाऊ द्यावं, लक्ष्मी येते. झालं. गच्चीचं पाणी, मोरीचं पाणी, सगळं त्याने ईशान्येच्या कोपऱ्यात आणून सोडलं. लक्ष्मी आली की नाही, मला दिसली नाही. ओल मात्र आली. ही कावेरीकाठची चिकणमाती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की आक्रसते. कोपऱ्यातला पाया हळूहळू खचला, पायाबरोबर भिंत गेली, भिंतीने माझी चौकट ओढली.

मी कुरकुरलो. मला ती एकच भाषा येते, मित्रांनो.

माझ्या खांद्यापासून आढ्याकडे एक तिरपी भेग निघाली. विटांच्या सांध्यांतून पायऱ्या चढाव्यात तशी चढत गेली. पोंगलला तिच्यावर चुना फासला. पुढच्या पोंगलला ती पुन्हा हजर, वरच्या टोकाला जास्त रुंद.

रंगा मेस्त्री, गवंडी, शेजारी बांधकामाला येत असे. जाता जाता त्याने भेग पाहिली आणि मोपेडवरूनच ओरडला, "सामी, वीट्टु निलै सरि इल्लै!" घराची निलै बरी नाही! तो म्हणत होता अवस्था. कल्याणरामने ऐकलं चौकट.

म्हणून आला प्रवीणकुमार आचारी, रंधा घेऊन. माझी कड तासली. काही दिवस मी मिटलो. कोपरा आणखी खचला, मी पुन्हा अडलो, पुन्हा रंधा. माझ्या अंगाच्या पिवळ्या साली उंबऱ्यावर पडायच्या. कल्याणरामची बायको भारती त्या केरसुणीने गोळा करताना म्हणायची, "अहो, अशानं दार संपेल, अडणं संपायचं नाही." तो म्हणायचा, "म्हातारा हट्टी झालाय." मग मला लाथही बसू लागली. लाथेचं दुःख नाही. ज्यांना इतकी वर्षं सांभाळलं, त्यांनाच माझं बोलणं कळेना, याने मी थकलो.

याच सुमारास भारतीने जवळच्या नाचियार्कोविल गावाहून पितळेचा टांगता दिवा आणला. माझ्या चौकटीला लागून, छताच्या कडीला लांब साखळीने टांगला.

"वाकडा लोंबतोय," कल्याणराम म्हणाला.

"दिवा नवा आहे, सवय होईल त्याला."

"दिव्याला कसली सवय, अगं!" म्हणत त्याने कडी काढून पुन्हा ठोकली. दिवा वाकडाच दिसे.

शेवटी ठरलं, मला काढायचं. लोखंडी दरवाजा सांगितला. प्रवीणकुमार पहार घेऊन आला. मित्रांनो, तेव्हा मी भ्यालो, पण स्वतःसाठी नव्हे. वरच्या चिरलेल्या भिंतीचा भार माझ्या चौकटीच्या डोक्यावर होता. त्या भिंतीच्या आतल्या अंगाला हरिणीची खाट. त्यांची लेक, तापाने शाळेला न गेलेली, तिथेच झोपली होती. चौकट उपटली असती तर भिंत तिच्यावर आली असती. मी जितका होतो तितका कुरकुरलो.

"बघा, जाताना पण ओरडतोय!" प्रवीणकुमार हसला. "अम्मा, तो दिवा काढा, मध्ये येतो."

भारतीने साखळीला हात घातला आणि तशीच थांबली. वर साखळी आणि चौकट यांच्यामध्ये तिचा पंजा मावत होता. खाली करंगळी जाईना.

"अहो, साखळी वाकडी लोंबते का हो कधी?"

"वेडी आहेस का? लोंबती वस्तू सरळच राहणार."

"मग वाकडं काय आहे?"

कल्याणराम साखळीकडे बघत राहिला. मग चौकटीकडे. मग भेगेवरून त्याची नजर खाली, ओल्या कोपऱ्यापर्यंत गेली. त्याचा चेहरा उतरला. "पहार ठेव खाली," तो म्हणाला, आणि धावत जाऊन हरिणीला खाटेवरून उचलून अंगणात घेऊन आला.

रंगाला बोलावलं. "तुम्ही निलै म्हणालात!" कल्याणराम चिडला.

"मग? घराची निलै म्हटलं, सामी! दाराबद्दल बोलायला मी काय आचारी आहे?"

"तर उतरून सांगायचं होतं," भारती म्हणाली. "मोपेडवरून कुणी घराचा रोग सांगतं का?" रंगाने कान धरले.

त्याने इंजिनियर आणला. आधी पाण्याची वाट बदलली, नळ लांबच्या गटारात नेले. भिंतीला टेकू दिले. मग पायाखाली एक छोटा खड्डा, त्यात काँक्रीट, ते घट्ट झालं की थोडं सोडून दुसरा. सगळा पाया एकदम उघडला तर घर बसतं, म्हणून धीराने. भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकणार. हरिणी रोज शाळेतून आली की आधी काच बघते. अजून अख्खी आहे.

जे तासलं गेलं ते काही परत आलं नाही. माझ्या कडेला फट राहिली. प्रवीणकुमारने तिथे फणसाचीच एक पट्टी जोडली, मान खाली घालून. लोखंडी दरवाजा परत गेला.

परवा कोलम घालताना भारती स्वतःशीच गुणगुणत होती,

दार माझं कुरकुरलं, मी म्हटलं त्याला हट्टी
पायाखाली ओल त्याच्या, सोसली गं त्यानं माती

ऐकून लाकडाला पाझर फुटेल का? फुटला थोडा.

मित्रांनो, घरातलं कुणी कुरकुरू लागलं, दार असो की माणूस, तर आधी रंधा आणू नका. वाकून त्याच्या पायाखाली बघा. बघा, हरिणी आली. एका बोटाने लोटते आहे मला. मिटतो आता.