दादाचा कडा

अर्धांगवायूच्या झटक्यात दादाची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शनिवारी घरी सोडणार म्हटल्यावर वहिनीने त्याचा पलंग माशाच्या टाकीसमोर लावला. टाकीत एकटाच म्हातारबा, नऊ वर्षांचा नारिंगी मासा. तो दादाच्या बोटांतून खायचा. हॉस्पिटलात मी तासन्‌तास बडबडलो तरी दादा ढिम्म, पण म्हातारबाचा फोटो दाखवला की डोळे हलायचे. मला माशाचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

टाकीच्या मागच्या काचेतून वायरी आणि पोपडे आलेली भिंत दिसायची. मी गवंडी, गिलावा करण्यात तीस वर्षं गेली. म्हटलं, दादाला आता दिवसभर हेच बघायचंय, तर नदीकाठचा कडाच करून देतो. थर्माकोल हाताने मोडला, कारण सुरीने कापला की दगड वाटत नाही. गरम हवा मारून कपारी पाडल्या. वर पातळ सिमेंटचे तीन हात दिले, शेवटच्या हातात थोडा काळा-पिवळा रंग.

"दुकानदार म्हणाला, तीन आठवडे बुडवून ठेवा आणि रोज पाणी बदला," वहिनी म्हणाली. "सिमेंटमधला चुना उतरतो म्हणे."

"त्याने जन्मात थापी धरलीय का? गिलाव्याला सात दिवस पाणी मारलं की झालं. मी आठ दिवस मारलंय."

"राहू दे की अजून, भावजी. कडा काय पळून चाललाय?"

"शनिवारी दादा येतोय, वहिनी. त्याने काय भिंतीचे पोपडे मोजायचे?"

ती पलंगावर चादर घालायला वळली. माझ्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, हे तिला पक्कं ठाऊक.

टाकी रिकामी करून कडा आतून मागच्या काचेला चिकटवला, शनिवारी सकाळी पाणी भरलं आणि तोवर टबात ठेवलेला म्हातारबा आत सोडला. दादा आला. कड्याकडे बराच वेळ बघत राहिला. मी इतका फुगलो की रात्री जेवणही गेलं नाही.

रविवारी सकाळी वहिनी औषधं आणायला गेली होती. दादा डाव्या हाताने पलंगाची कड वाजवायला लागला. टक, टक, टक.

"आवडला ना?" मी चहा पीत विचारलं.

त्याने आणखी जोरात वाजवलं. शाबासकीच ती. मी हसून दुसरा कप ओतून घेतला. वहिनी येईपर्यंत तासभर तो वाजवत होता.

तिने पिशवी टाकली ती दारातच. म्हातारबा पाण्यावर तोंड काढून धापा टाकत होता, अंगावर पांढुरकी साय आलेली. ताज्या पाण्याच्या टबात टाकला, पण दुपारपर्यंत आडवा झाला.

सिमेंटने माझ्या बोटांची सालं काढलीत. ते माशाचं काय करेल, हे मला कुणी दुकानदाराने सांगायला हवं होतं?

"चुकलो रे, दादा," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी पुन्हा टकटक सुरू झाली. या वेळी मी ताडकन उठलो. पाणी दिलं, ते त्याने नाकारलं. उशी सरकवली, तरी हात थांबेना. मग त्याची नजर कुठे आहे ते पाहिलं. टाकीतला दिवा चालू होता आणि रिकाम्या पाण्यामागे माझा कडा झकास दिसत होता.

मी दिवा बंद केला. टकटक थांबली.