पंगत उठेपर्यंत

"दोन घास घ्यायचे आणि मग नुसता भात कालवत बसायचं," सुशीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पोळीला हातच लावू नक्का."

मुकुंदराव आरशापुढे तोंड उघडून पाहत होते. दोन बोटांपलीकडे ते उघडेना. कानाजवळ टक् झालं आणि हनुवटी डावीकडे सरकली.

"पाहुणे बघतील की."

"भावजी बोलायला लागले की कुणाचं लक्ष राहतंय?"

कंपवाताने थरथरणारा डावा हात उपरण्याखाली लपवता येई. जबडा कुठे लपवणार? स्नायू ताठले होते. वरचे दात खालच्यांवर बसत नव्हते. घासाबरोबर गालही चावला जाई. कोठी मोहल्ल्यातल्या दाताच्या डॉक्टरांनी उंच लागणारी दाढ घासून दिली, तर थोड्या दिवसांनी दुसरीच लागू लागली. एका जेवणाला तास जाई. वडीलधारा उठल्याशिवाय पंगत उठत नाही, म्हणून ते सगळ्यांच्या आधी, स्वयंपाकघरात एकटेच जेवून घेत.

पोलीस ॲक्शनपूर्वी संस्थानच्या कचेरीत लांबलचक उर्दू हुकूम एका दमात वाचून दाखवणं हे त्यांचं काम होतं. मग नवे साहेब आले, कागद इंग्रजीत आले. मुकुंदरावांनी पेन्शन मागितली. इंग्रजी जमत नाही म्हणाले. तोंड उघडत नाही, हे सांगितलं नाही.

आज त्यांच्या मुलीला, जयवंताला, बघायला गुलबर्ग्याहून अप्पाराव आणि त्यांचा मुलगा आले होते; सकाळपासूनच्या गडबडीत मुकुंदरावांचं आधीचं जेवण राहून गेलं होतं. मुलगी पसंत पडल्यासारखी दिसत होती. मागचं स्थळ मुकुंदरावांचा हात बघून परत गेलं होतं.

पानं वाढली. मुकुंदरावांचे धाकटे भाऊ हिम्मतराव आग्रहाला उभेच होते.

"अप्पाराव, पोळीकडे बघताय काय? हाही बघायचाच कार्यक्रम समजलात की काय!"

सगळे हसले. मुकुंदरावांनी दोन घास घेतले आणि भात कालवत राहिले. अप्पारावांचं ताट रिकामं होत आलं, तसा त्यांनी हात थांबवला.

"आपण जेवत नाही, मुकुंदराव. आमच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं का?"

"छे हो! दादांचं पोट जरा…"

"मुलीचा बाप ताटावर हात आखडतो, तो पोटासाठी नव्हे, हिम्मतराव. मनात नसेल तर साफ सांगा जी. आम्हाला राग नाही."

दारातून सुशीलाबाई पोटावर हात ठेवून खुणावत होत्या.

मुकुंदरावांनी डावा हात उपरण्याबाहेर काढून ताटाच्या कडेवर ठेवला. आमटीची वाटी खडखडू लागली.

"मनात काही नाही," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. "कंपवात आहे. जबडा चालत नाही. मुलगी निरोगी आहे."

"घरात आणखी कुणाला?"

"वडिलांना होता."

"असं," अप्पाराव म्हणाले. मुलगा खाली बघत राहिला. "घरच्यांशी बोलून कळवतो."

सुशीलाबाई दारातून आत गेल्या.

जयवंता वडिलांसमोर येऊन बसली. तिने भात वरणात बोटांनी मऊ केला आणि लहान लहान घास करून कडेला मांडले. मुकुंदराव एकेक घास तोंडात ठेवून तो जबड्यात या बाजूचा त्या बाजूला फिरवत राहिले. पाहुण्यांची जेवणं आटोपली होती. कुणाला उठता येईना. अप्पारावांच्या बोटांवरचं वरण वाळून पांढरं पडलं.

"बाबा, आणखी भात वाढू?"

मुकुंदरावांनी पाहुण्यांच्या वाळलेल्या हातांकडे पाहिलं. त्यांना फार भूक लागली होती.

"वाढ," ते म्हणाले.