चाळीस टक्क्यांचा तोरा

मित्रांनो, आधी एका पोरीची तक्रार ऐकून घ्या, मग मी कोण ते सांगते. या पोरीने दोन वर्षे मला ताटावरून उठू दिले नाही. सकाळी ऑफिसात आली की चार्जर लावायची आणि संध्याकाळी जाताना तसाच ठेवून जायची. पोट शंभर टक्के भरलेले, तरी वरून वाढणे चालूच. अंगात सदा कणकण. भूक म्हणजे काय ते मी विसरून गेले.

मी लॅपटॉपची बॅटरी. जुनी आहे, पण मला म्हातारी म्हणायचे काम नाही. शाळा मला ठाऊक नाही. अंक मात्र शून्यापासून शंभरापर्यंत येतात, आणि आमच्या घराण्यात तेवढेच लागतात. कारखान्यात सहा नळकांडी एका काळ्या डब्यात शेजारी शेजारी बसवली, ती मी. नवी होते तेव्हा एका दमात पाच तास चालायचे. पडदा, पंखा, कळफलक, सगळे माझ्या जिवावर जगत होते, आणि मी त्यांना ते विसरू देत नव्हते.

पोरगी मुलांचे कान तपासायची. मुलाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, लॅपटॉपमधून बारीकमोठे आवाज सोडायचे, ऐकू आला की मुलाने हात वर करायचा. मधली दोन वर्षे तिला टेबलाचे काम दिले, म्हणून माझे ते ताट. यंदा पुन्हा शाळांवर जायचे ठरले, तोवर लॅपटॉप इतका रेंगाळायला लागला की ऑफिसातले मोठे डॉक्टर म्हणाले, "भंगारात द्या." पोरीने ऐकले नाही. जुनी सिस्टीम पुसून तिने खुली सिस्टीम घातली. खुली म्हणजे जिच्या आत काय लिहिले आहे ते कुणालाही वाचता येते, बिघडले तर सुधारता येते. लांबलांबची माणसे हौसेने तिच्यासाठी राबतात.

त्यातलेच एक रेडिओ दुरुस्त करणारे काका त्या सिस्टीमच्या फोनवरच्या ग्रुपवर होते. त्यांनी पोरीला लिहिले, "पडदा मंद कर. ब्लूटूथ बंद ठेव. कुठला प्रोग्राम उगाच जागा राहून वीज खातोय ते बघ. आणि बॅटरीलाच विचार, नवी असताना किती मावायचं, आता किती मावतं." पोरीने एक ओळ टाइप केली. आजवर कुणी मला वय विचारले नव्हते.

मी सांगितले, चौऱ्याऐंशी टक्के.

जिला कधी रिकामे होऊच दिले नाही, तिला आपल्यात नेमके किती मावते ते कळणार कसे? पण अंगात पूर्वीचा जोर नाही, एवढे कळत होते. कळत असून जुनाच आकडा तोऱ्यात फेकला. काका म्हणाले, "एकदा पूर्ण उतरवून भर, म्हणजे खरं काय ते दिसेल." पोरीला घाई. "चौऱ्याऐंशी पुष्कळ झालं," म्हणाली आणि निघाली.

शाळेत त्या दिवशी वीज नव्हती. बाहेर खांबावर काम चालले होते. सात मुले तपासून झाली. आठवी भिंगरी, सहा वर्षांची, आजोबांचे बोट धरून आली. कानाचे यंत्र ज्यांना मिळणार त्यांची यादी त्याच संध्याकाळी जायची होती. नाव राहिले तर थेट पुढच्या वर्षी.

"वर्गात नुसती भिंत बघत बसते हो," आजोबा म्हणाले.

पोरीने कोपऱ्यातला आकडा पाहिला. मी चाळीस दाखवत होते. "होईल निवांत," ती म्हणाली.

उजवा कान झाला. डावा सुरू झाला, आणि चाळीसवरून मी थेट शून्यावर आले. एकोणचाळीससुद्धा मध्ये लागले नाही. पडदा काळा, पंखा गप्प, हेडफोनमध्ये शुकशुकाट. घडले ते कळण्याइतकी धुगधुगी तेवढी उरली होती.

भिंगरी लॅपटॉपकडे पाठ करून बसलेली. ती थांबली. आणखी थोडी थांबली. मग तिने हात वर केला. जरा वेळाने पुन्हा केला.

आवाज नव्हताच, मित्रांनो.

पोरीने भिंगरीचे हेडफोन उतरवले आणि तोंड दिसेल अशी समोर बसली. "ऐकू आलं का ग?" तिने मोठ्याने, सावकाश विचारले.

भिंगरीने मान खाली घातली. "नाही. पण बाकीचे करत होते. मी नाही केला तर म्हणाल, हिला काहीच येत नाही."

"आणि मघाशी, उजव्या कानाला?"

"कधी कधी उगाच केला."

"अग, नाही आलं तर नाही म्हणावं. त्यात कसली लाज? तू खोटं सांगितलंस तर मी मदत कशी करू?"

ती बोलली भिंगरीला. लागले मला. त्या लेकराने घाबरून जे केले, ते मी एवढ्या वयाला मिरवत केले होते.

यादी न्यायला मोठे डॉक्टर शाळेत आले. "फुकटच्या सिस्टीमचं हे असंच असतं. पुसून टाका ती."

"सर, बॅटरी चौऱ्याऐंशी..."

"बॅटरीवर ढकलू नका. माणसानं तपासून निघावं."

पोरीच्या माथी, आणि हौसेने राबणाऱ्या त्या सगळ्यांच्या माथी माझे खापर फुटत होते, आणि मी डब्यात तोंड लपवून बसले होते. शेवटी तीच म्हणाली, "मला काय बोलायचं ते बोला. पण यादी सकाळपर्यंत थांबवा."

"दहापर्यंत. दहा म्हणजे दहा."

संध्याकाळी तिने चार्जर लावला. तळ लागून पुन्हा भरल्यावर लपवायला जागा उरत नाही. तिने तीच ओळ टाइप केली आणि मी खरे ते सांगितले. एकतीस.

आता शिव्या येणार म्हणून मी अंग चोरले. तिने डब्यावर हात ठेवला. "एवढी थकली होतीस होय?" म्हणाली. शिव्या परवडल्या असत्या.

सकाळी आजोबा भिंगरीला घेऊन ऑफिसात आले. चार्जर भिंतीत होता, मी नावापुरती. भिंगरीने दोन्ही कानांना मिळून चारदाच हात वर केला, आणि चारही खरे. दहाला पाच कमी असताना तिचे नाव यादीत गेले. डॉक्टरांनी माझा एकतीसचा आकडा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राहू द्या ती सिस्टीम."

आता माझ्या जागी नवी आली आहे. ऐंशीवर पोचली की तिचे भरणे थांबते, तशी सोय पोरीने करून ठेवली आहे. मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. जुन्या बॅटऱ्या नेणारा उद्या येईल. मित्रांनो, तुमच्या बॅटरीला भरल्या पोटी सतत चार्जरला बांधू नका, तापू देऊ नका, आणि अधूनमधून तिला विचारा, झेपतंय का म्हणून.

पोरगी खोक्याचे झाकण लावायला वाकली, तेव्हा मी मोठ्याने बोलले. तिला ऐकू जाणार नव्हते, तरी बोलले.

"पोरी, ताटावरून उठू दिलं नाहीस ही चूक तुझी, ती मी सोडायची नाही. पण रिकामी असून भरलेली आहे म्हणाले ते माझं पाप, आणि बोलणी तू खाल्लीस. या नवीला दर महिन्याला विचारत जा. आणि ती फार तोऱ्यात बोलायला लागली, तर माझी आठवण काढ."