सतरा दिवसांचे हुंकार

माझा आवाज मुळातच लहान. त्यात लग्न करून बोरी अरबला निघाले तेव्हा आईनं बजावलं होतं, सुनेचं बोलणं चुलीपलीकडे जाऊ नये. तीन वर्षं मी ते पाळलं.

एकसष्ट सालचा श्रावण होता. माझ्या सासूबाई, भागीरथाबाई, महिनाभर एकवेळ जेवत. त्या त्या वाराची कहाणी मी सांगायची आणि त्यांनी मुठीत अक्षता धरून, डोळे मिटून ऐकायची. मधूनमधून "हं" म्हणायचं. कहाणी कानावर पडल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, असा नेम. मग ताट घेऊन त्या गोठ्यात जात. गाईला घास घालून तिथंच जेवते, म्हणत. रात्री वाटीभर दूध. हाडं वर आली होती. उपासानं होतं, असं आम्ही समजत होतो.

अठराव्या दिवशी अर्ध्या कहाणीत माझा घसा बसला. ओठ हलले, शब्द फुटेना. मी थांबले.

"हं," सासूबाई म्हणाल्या.

जरा वेळानं पुन्हा, "हं."

मी पुढे सरकले. खाकरून, होता तेवढा जोर लावून म्हणाले, "आत्याबाई, गाईच्या कोठ्याले आग लागली!"

"हं."

त्यांनी डोळे उघडले, अक्षता देवाला वाहिल्या, ताट उचललं. मी मागोमाग गेले. पोळ्या, भात, वरण, सगळं त्यांनी गव्हाणीत ओतलं. गाय मान पुढे करून उभीच होती, रोजचं असल्यासारखी.

 सतरा दिवस हे ताट मी वाढत होते.

त्या वळल्या. माझा चेहराच त्यांनी वाचला असावा.

"कहानी कानात पडली नाही तं कशी जेवू, बाई? देवाले फसवू?"

मी छातीवर हात ठेवला. आणि मला?

"तुले फसवलं," त्या खाली बघत म्हणाल्या. "बहिरी म्हनून कोपऱ्यात बसवलं असतं तुमी. पोरालेई नाही सांगितलं."

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, बसला घसा फाटेल अशी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. कुंपणापलीकडून शेजारच्या विमलताई म्हणाल्या, "काय व प्रभावती, सासूवर वरडून राह्यली? आमी तं तुले गाय समजत होतो!"

सासूबाईंनी मान हलवली. काही ऐकू आलं नाही.

मी घरात धावले. चुलीपाशी लोखंडी फुंकणी होती. राख झटकून, पदरानं पुसून तिचं एक तोंड त्यांच्या उजव्या कानाला लावलं. दुसऱ्या तोंडातून, बसल्या घशानं, कहाणी पहिल्यापासून सुरू केली. एक नगर होतं. त्या नगरात एक म्हातारी होती.

सासूबाईंनी माझं मनगट गच्च धरलं.  यावेळी हुंकार आला नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, दुखलं की काय.

"असा हाये व्हय तुहा आवाज?" त्या म्हणाल्या.

तीन वर्षं आम्ही एका चुलीवर रांधत होतो.

मी कहाणी पुरी केली. मग दुसरं ताट वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला, नि सुजल्या घशानं मला मात्र पाणीही गिळता येईना.